नावाचा पत्ता आणि पर्यायी वाट : कार्यालयीन सर्व्हरवरील नामशोधाची व्यवस्था
(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर कणकुंबी लागते व तेथे मलप्रभा नदी उगम पावते. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगडचे जंगलही याच तालुक्यात येते. ज्येष्ठ-आषाढात या पट्ट्यात पावसाची झड लागली म्हणजे झाडे उन्मळून पडावीत, वीज जावी आणि दूरसंचाराच्या जोडण्या तुटाव्यात, यात नवल असे काही नाही.

अशा गावातील एखादे शासकीय कार्यालय उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. आठ-दहा संगणक, एक लहानसा सर्व्हर, तालुक्याच्या ठिकाणाहून आलेली प्रकाशतंतूची एक जोडणी आणि अडीअडचणीसाठी मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी दुसरी जोडणी, एवढाच तेथील सरंजाम. दूरच्या वाडीवरून एक वृद्ध शेतकरी जमिनीच्या उताऱ्यासाठी येतो. खिडकीतून उत्तर मिळते, “आज सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” त्याचा त्या दिवसाचा कामधंदा बुडतो, बसभाडे वाया जाते आणि पीककर्जाचा अर्ज एक दिवस मागे पडतो. “सर्व्हर डाउन आहे” या वाक्यावर अपील नसते. ते खरे की खोटे हे ताडून पाहण्याचे साधन त्या शेतकऱ्याजवळ नाही, आणि पुष्कळदा खिडकीमागे बसलेल्या कर्मचाऱ्याजवळही नाही.

वस्तुतः या एका वाक्याखाली तीन अगदी निराळ्या अडचणी झाकलेल्या असतात. दूरच्या ठिकाणचा सर्व्हर खरोखरच बंद पडलेला असेल, ही पहिली. मधली जोडणी तुटलेली असेल, ही दुसरी. तिसरी अडचण अशी की, सर्व्हर चालू आहे, जोडणीही शाबूत आहे, परंतु ज्या नावाने त्या सर्व्हरला हाक मारावयाची त्या नावाचा पत्ताच संगणकाला लागत नाही. पहिल्या दोन अडचणींपुढे स्थानिक कार्यालय बहुतांशी हतबल असते. तिसरी मात्र कार्यालयाने स्वतःच्या सर्व्हरवर थोडी दक्षता घेतल्यास पुष्कळ अंशी टाळता येते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती दक्षता हाच होय.

नाव, अंक आणि अखत्यारी

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राचा पत्ता अंकांत असतो. माणसाला मात्र अंकांपेक्षा नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. नावावरून अंकी पत्ता शोधून देण्याच्या व्यवस्थेस ‘डोमेन नेम सिस्टिम’ किंवा संक्षेपाने ‘डीएनएस’ म्हणतात. येथे त्या क्रियेस ‘नामशोध’ आणि ती करणाऱ्या यंत्रास ‘नामसर्व्हर’ असे म्हटले आहे.

आरंभी ही व्यवस्था एखाद्या तलाठी दप्तरासारखी एकाच वहीत सामावलेली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत जाळ्यावरील सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच नोंदपत्रात ठेवीत आणि इतर ठिकाणचे लोक त्याची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती वही अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी वाटून दिलेल्या अधिकारांची रचना मांडली आणि १९८७ साली तिला आज चालू असलेले मूळ स्वरूप प्राप्त झाले. भारतासाठी राखलेले ‘डॉट इन’ हे नाव १९८९ साली अस्तित्वात आले. त्याची व्यवस्था प्रथम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ पासून ती भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राकडे, म्हणजे ‘निक्सी’कडे आली.

वाटून दिलेला अधिकार म्हणजे काय, हे टपालाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोडची पद्धत सुरू झाली. तिचे प्रवर्तक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा घोटाळा सहा अंकांनी दूर केला. आता सीमाभागाकडे पाहावे. कागल आणि निपाणी ही पुणे-बंगळूर महामार्गावरील जवळजवळची शहरे. परंतु कागलचा पिनकोड ४१६२१६ आणि निपाणीचा ५९१२३७. पहिलाच अंक वेगळा, कारण एक शहर एका टपाल विभागात मोडते आणि दुसरे दुसऱ्यात. पत्राची वाट अंतरावरून ठरत नाही, अखत्यारीवरून ठरते.

नामशोधाचेही तसेच आहे. एखादे नाव कोणाच्या अखत्यारीत आहे, यावरून त्याची विचारणा कोणाकडे करावयाची हे ठरते. ‘गव्ह डॉट इन’खालील नाव असेल तर मूळ सर्व्हर ‘इन’कडे बोट दाखवितो, ‘इन’ पुढे ‘गव्ह’कडे आणि ‘गव्ह’ त्या त्या शासनाकडे किंवा विभागाकडे. विभागाच्या खाजगी जाळ्यापुरती असलेली अंतर्गत नावे मात्र या सार्वजनिक उतरंडीत कोठेच नोंदलेली नसतात. ती केवळ त्या जाळ्यातील नामसर्व्हरलाच ठाऊक असतात. ही एक गोष्ट मनात पक्की धरली म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

अग्रेषण म्हणजे काय

कार्यालयातील प्रत्येक संगणकाने प्रत्येक नावासाठी मूळ सर्व्हरपासून चौकशी करीत बसणे हे आवक-जावक लिपिकाने प्रत्येक टपाल स्वतः मंत्रालयात नेऊन देण्यासारखे आहे. यास्तव कार्यालयाचा सर्व्हर सर्वांच्या विचारणा स्वीकारतो. आपल्याजवळ उत्तर असेल तर देतो. नसेल तर ती विचारणा वरच्या नामसर्व्हरकडे अग्रेषित करतो. आलेले उत्तर तो ठराविक मुदतीपर्यंत जपून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या कर्मचाऱ्याने तेच नाव विचारल्यास पुन्हा बाहेर जावे लागत नाही. ही मुदत नावाच्या मालकाने उत्तराबरोबरच लिहून दिलेली असते.

वरचा नामसर्व्हर निरुत्तर राहिला तर काय करावे, हे सर्व्हरच्या मांडणीत लिहून ठेवावे लागते. ‘बाइंड’ या प्रचलित आज्ञावलीत त्यासाठी दोन पर्याय आहेत. ‘फॉरवर्ड फर्स्ट’ म्हणजे प्रथम वरच्याला विचारावे आणि तो न बोलल्यास स्वतः मूळ सर्व्हरपासून शोध घ्यावा. ‘फॉरवर्ड ओन्ली’ म्हणजे वरच्यालाच विचारावे. तो न बोलल्यास शोध लागला नाही असे कळवून थांबावे. काहीच न लिहिल्यास पहिला पर्याय गृहीत धरला जातो. विंडोज सर्व्हरवर हीच गोष्ट अग्रेषणाच्या पानावरील एका चौकटीने ठरते : अग्रेषणाचे सर्व्हर उपलब्ध नसल्यास मूळ सर्व्हरांची यादी वापरावी किंवा कसे.

वरवर पाहता पहिला पर्याय सदैव चांगला वाटतो. परंतु विभागाच्या अंतर्गत नावांबाबत तोच घातक ठरतो. समजा, विभागीय नामसर्व्हर दोन मिनिटे बंद पडला. कार्यालयाच्या सर्व्हरने अंतर्गत नावाची विचारणा मूळ सर्व्हरकडे नेली. तेथे ते नाव कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा उत्तर आले, ‘असे नाव अस्तित्वात नाही’. हे नकारार्थी उत्तरदेखील जपून ठेवले जाते. ‘बाइंड’मध्ये त्याची कमाल मुदत मुळात ३ तासांची आहे. विभागीय सर्व्हर दोन मिनिटांत पूर्ववत झाला तरी कार्यालय त्यानंतरही दीर्घकाळ ‘असे नाव नाही’ असेच सांगत राहू शकते. अडचण दोन मिनिटांची असते आणि खिडकी मात्र जेवणाच्या सुटीपर्यंत बंद राहते.

म्हणून नियम असा की, सर्वसाधारण नावांसाठी ‘फॉरवर्ड फर्स्ट’ ठेवावे. आणि विभागाच्या अंतर्गत नावांसाठी स्वतंत्र नोंद करून, विभागाच्याच दोन नामसर्व्हरांचे पत्ते देऊन, तेथे ‘फॉरवर्ड ओन्ली’ ठेवावे. नावाच्या शेपटावरून वाट ठरविणाऱ्या या पद्धतीस सशर्त अग्रेषण म्हणतात. कागलचे पत्र आणि निपाणीचे पत्र वेगवेगळ्या थैलीत टाकावे, तसाच हा प्रकार आहे.

पर्यायी व्यवस्थेविषयी चार गैरसमज

पर्यायी व्यवस्था असावी याविषयी दुमत नाही. परंतु ती असूनही ऐन वेळी उपयोगी पडत नाही, याला काही ठराविक गैरसमज कारणीभूत असतात.

पहिला गैरसमज असा की, पहिल्या नामसर्व्हरला उत्तर सापडले नाही तर संगणक आपण होऊन दुसऱ्याला विचारील. संगणक दुसऱ्याकडे वळतो तो पहिला मौन राहिला किंवा त्याने आपली असमर्थता कळविली तरच. ‘असे नाव नाही’ हे मात्र त्याच्या दृष्टीने पूर्ण आणि अंतिम उत्तर आहे. त्यानंतर तो कोणालाही विचारीत नाही. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर पहिला पत्ता कार्यालयाच्या सर्व्हरचा व दुसरा एखाद्या सार्वजनिक नामसर्व्हरचा देण्याची चाल आहे. कार्यालयाचा सर्व्हर क्षणभर अडखळला की संगणक सार्वजनिक सर्व्हरकडे वळतो. काही प्रणाली एकदा वळल्या म्हणजे तेथेच टिकून राहतात. त्या सर्व्हरला अंतर्गत नावे ठाऊक नसल्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘असे नाव नाही’ म्हणतो. मग एका टेबलावरचा संगणक चालतो, शेजारचा चालत नाही, आणि कारण कोणालाच उमगत नाही. पर्याय म्हणून नेमलेल्यास मूळ जागेवरच्या इतकीच माहिती असली पाहिजे. नाहीतर तो पर्याय नव्हे, तो दुसरा अडथळा होय. यास्तव कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर केवळ कार्यालयाच्याच नामसर्व्हरांचे पत्ते द्यावेत. कार्यालयात एकच सर्व्हर असेल तर एखाद्या जुन्या संगणकावर त्याच मांडणीचा दुसरा नामसर्व्हर उभा करावा. पर्यायी वाटा काय त्या या सर्व्हरांवर मांडाव्यात, टेबलाटेबलावर नव्हे.

दुसरा गैरसमज असा की, पर्याय आहे म्हणजे खोळंबा होणार नाही. लिनक्स प्रणालीत नामसर्व्हरांची यादी जास्तीत जास्त तिघांची असते आणि मुळातील मांडणीत प्रत्येकाच्या उत्तरासाठी ५ सेकंद वाट पाहिली जाते. पहिला सर्व्हर मृत असेल तर प्रत्येक नव्या नावामागे ५ सेकंद जातात, आणि हल्लीचे एक पान उघडावयास अनेक नावे लागतात. कर्मचाऱ्यास पान हळूहळू उमटताना दिसते, त्याचा धीर सुटतो आणि तो ‘सर्व्हर डाउन’ म्हणून मोकळा होतो. प्रतीक्षेचा हा काळ १ किंवा २ सेकंदांवर आणणे हे एका ओळीचे काम आहे. जो सर्व्हर कायमचा काढून टाकला त्याचा पत्ता यादीत तसाच राहिला नाही ना, हेही अवश्य पाहावे.

तिसरा गैरसमज असा की, दोन पत्ते म्हणजे दोन वाटा. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.१ हा सार्वजनिक नामसर्व्हर जगभर वापरला जातो आणि त्याच्या जोडीला १.०.०.१ हा दुसरा पत्ता दिला जातो. भारतीय वेळेनुसार १५ जुलै २०२५ च्या पहाटे मांडणीतील एका चुकीमुळे ही सेवा ६२ मिनिटे बंद पडली, आणि ती दोन्ही पत्त्यांवर एकदमच बंद पडली. ज्यांनी एक पत्ता मुख्य व दुसरा पर्यायी म्हणून लिहिला होता त्यांची दोन्ही दारे एकाच घराची निघाली. तत्पूर्वी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हाही अंतर्गत जाळ्यातील बिघाडामुळे त्या कंपनीचे सर्वच नामसर्व्हर एकाच वेळी जगापासून तुटले होते. पर्याय निवडताना यंत्र वेगळे आहे काय, जोडणी वेगळी आहे काय, वीजपुरवठा वेगळा आहे काय आणि चालविणारी संस्था वेगळी आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत.

सार्वजनिक सर्व्हरांबाबत आणखी एक विचार आहे. शासकीय कार्यालय कोणती नावे केव्हा विचारते, हीसुद्धा माहितीच आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२२ साली शासकीय कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सायबर सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत त्या केंद्राचा १.१०.१०.१० हा नामसर्व्हर वापरण्यास सांगितले होते. तेव्हा पर्यायाची निवड सोयीनुसार न करता विभागाच्या लेखी सूचनेनुसार करावी, आणि सूचनेत पर्याय दिलेला नसेल तर तो मागून घ्यावा.

चौथा गैरसमज जांबोटीसारख्या ठिकाणी विशेष जाचक आहे. प्रकाशतंतूची जोडणी तुटली, मोबाइलची जोडणी आपोआप सुरू झाली, आता चिंता नाही, असे वाटते. परंतु कार्यालयाच्या सर्व्हरवर अग्रेषणाचा पत्ता पहिल्या जोडणीच्या पुरवठादाराचाच लिहिलेला असतो. पुरवठादारांचे नामसर्व्हर बहुधा स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. दुसऱ्याच्या जाळ्यातून आलेली विचारणा ते नाकारतात किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जोडणी चालू, दिवा हिरवा, आणि एकही नाव सापडत नाही, अशी विचित्र अवस्था तेथे निर्माण होते. ‘फॉरवर्ड फर्स्ट’ असल्यास सर्व्हर स्वतः शोध घेऊ पाहतो. पण अग्निभिंतीने ५३ क्रमांकाच्या द्वारातून अन्यत्र जाण्यास मज्जाव केला असेल तर तीही वाट खुंटते. यास्तव अग्रेषणाच्या यादीत दोन्ही जोडण्यांवरून उत्तर देईल असा निदान एक नामसर्व्हर असावा, आणि अग्निभिंतीत त्याच्यासाठी ५३ क्रमांकाचे द्वार यूडीपी व टीसीपी या दोन्ही प्रकारच्या संदेशांस मोकळे असावे. मोठी उत्तरे दुसऱ्या प्रकाराने येतात. केवळ पहिला प्रकार मोकळा ठेवल्यास काही नावे सापडतात व काही सापडत नाहीत.

जांबोटीच्या कार्यालयाची मांडणी

उपर्युक्त विवेचनावरून उदाहरणातील कार्यालयाची मांडणी कशी असावी, हे आता सांगता येईल.

कार्यालयातील मुद्रणयंत्र, दस्तऐवजांचा साठा, हजेरीचे यंत्र यांची नावे कार्यालयाच्या स्वतःच्या नामसर्व्हरवर कायम नोंदलेली असावीत. बाहेरच्या दोन्ही जोडण्या तुटल्या तरी आतले कामकाज त्यामुळे चालू राहते. विभागाच्या अंतर्गत नावांसाठी विभागाच्या दोन नामसर्व्हरांकडे सशर्त अग्रेषण असावे आणि तेथे ‘फॉरवर्ड ओन्ली’ असावे. उरलेल्या सर्व नावांसाठी अधिकृत नामसर्व्हरांची यादी व ‘फॉरवर्ड फर्स्ट’ असावे. सर्व संगणकांना पत्ते वाटण्याचे काम एकाच ठिकाणाहून व्हावे. कोणत्याही संगणकावर हाताने पत्ता लिहू नये.

याखेरीज एक जादा सोय करता येते. मुदत संपलेले उत्तर, नवे उत्तर मिळेपर्यंत, तात्पुरते वापरण्याची मुभा २०२० सालच्या एका प्रमाणलेखाने दिली आहे. वरचे सर्व नामसर्व्हर निरुत्तर असतील तेव्हाच जुने उत्तर द्यावे, ते प्रत्येक वेळी ३० सेकंदांपुरते द्यावे आणि १ ते ३ दिवसांहून अधिक जुने उत्तर वापरू नये, असा त्याचा आशय आहे. ‘अनबाउंड’ आणि ‘बाइंड’ या दोन्ही आज्ञावलींत ही सोय आहे. शिळी भाकरी उपाशी राहण्यापेक्षा बरी. मात्र ती शिळी आहे याचे भान हवे.

दोन-तीन अत्यावश्यक नावांचे पत्ते संगणकाच्या ‘होस्ट्स’ या नोंदपत्रात लिहून ठेवण्याचा मोह होतो. ती पूर्वीची एका वहीची पद्धतच होय, आणि तिचा दोषही तिच्याबरोबर येतो. मूळ ठिकाणी पत्ता बदलला तरी वहीत तो बदलत नाही, आणि संगणक वहीवर नामसर्व्हरपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. संकटकाळी लिहिलेली नोंद संकट सरल्यावर खोडली नाही तर तीच पुढच्या संकटाचे कारण होते. नोंद करावीच लागली तर तारीख व नोंद करणाऱ्याचे नाव यांसह कार्यालयाच्या वहीतही ती लिहावी.

नाव आणि पत्ता यांचे नाते बदलते असते, हे सीमाभागास नव्याने सांगावयास नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण टपाल पूर्वीप्रमाणेच ५९०००१ या पिनकोडवर पोहोचत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मराठी, कोंकणी, हिंदी आदी भाषांसाठी देवनागरीत ‘डॉट भारत’ ही नावे सुरू झाली. डीएनएसमध्ये जुन्या नावाहून नव्या नावाकडे नेणारी उपनावाची नोंद ठेवता येते. कार्यालयाचे नाव बदलले असता जुनी नोंद तडकाफडकी न काढता काही काळ उपनाव म्हणून ठेवावी. ज्याने जुन्या नावाने हाक मारली त्याचाही निरोप योग्य घरी पोहोचावा.

घड्याळाचाही उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. नामशोधाच्या उत्तरांवर आता स्वाक्षरी असू शकते. जाळ्याच्या मूळ स्थानी ही पद्धत जुलै २०१० पासून अमलात आहे. स्वाक्षरीला आरंभाची व शेवटची तारीख असते. वीज गेली, सर्व्हरमधील लहान विद्युत्घट संपलेला असला, तर पुन्हा चालू झाल्यावर त्याचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असू शकते. मग स्वाक्षऱ्या तपासणारा नामसर्व्हर प्रत्येक स्वाक्षरी अग्राह्य ठरवितो आणि सर्वच उत्तरे फेटाळतो. त्यात वेळ देणाऱ्या सर्व्हरलाही तो नावाने शोधत असेल तर घड्याळावाचून नाव सापडत नाही आणि नावावाचून घड्याळ लागत नाही. यावर उपाय दोन : वेळ देणाऱ्या एका सर्व्हरचा अंकी पत्ता लिहून ठेवावा, आणि तो विद्युत्घट वेळेवर बदलावा.

परीक्षा मृगापूर्वी

ही सर्व मांडणी कागदावर कितीही निर्दोष असली तरी प्रत्यक्ष परीक्षा घेतल्यावाचून तिच्यावर विसंबू नये. खानापूर भागातील शेतकरी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घराची कौले चाळून घेतो. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढत नाही. कार्यालयानेही मे महिन्यात, कामकाज संपल्यानंतर, वरिष्ठांची पूर्वपरवानगी घेऊन पुढील परीक्षा घ्यावी.

प्रथम पहिल्या नामसर्व्हरची केबल काढावी आणि पाच नावे विचारावीत : कार्यालयाचे एक, विभागाचे अंतर्गत एक, स्वतःच्या राज्य शासनाचे एक, शेजारच्या राज्य शासनाचे एक आणि बाहेरचे एक. प्रत्येकास किती वेळ लागला ते लिहावे. नंतर ती केबल जोडून प्रकाशतंतूची जोडणी काढावी व मोबाइलच्या जोडणीवर तीच पाच नावे विचारावीत. त्यानंतर दोन्ही जोडण्या काढून कार्यालयातील नावे तरी सापडतात काय, ते पाहावे. शेवटी वीज बंद करून पुन्हा चालू करावी आणि कोणाचाही हात न लागता सर्व पूर्ववत होते काय, याची नोंद घ्यावी. पुन्हा चालू होताना जपून ठेवलेली उत्तरे पुसली जातात, म्हणून ही शेवटची परीक्षा सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची आहे. विचारणेसाठी ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा पुरेशी आहे. ती संगणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या कर्मचाऱ्यासही दहा मिनिटांत शिकविता येते.

परीक्षेचे फलित, नामसर्व्हरांचे अंकी पत्ते, कोणते नाव कोणाकडे अग्रेषित होते आणि कोणाशी संपर्क साधावा, हे सारे एका वहीत मराठीत व कार्यालयाच्या प्रशासकीय भाषेत लिहून ठेवावे. ज्या दिवशी नामशोध बंद पडतो त्या दिवशी संगणकात ठेवलेली टिपणे उघडत नाहीत, वही उघडते. मांडणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली झाली तरी वही मागे राहते.

पर्यायी व्यवस्थेने सर्व संकटे टळतील, असा दावा येथे केलेला नाही. दोन्ही जोडण्या तुटल्या तर जांबोटीचे कार्यालय जगापासून तुटेलच, आणि त्यावर नामसर्व्हरजवळ उपाय नाही. परंतु त्या दिवशी खिडकीवरील कर्मचारी शेतकऱ्यास खरे कारण सांगू शकेल : जोडणी तुटली आहे, अमुक ठिकाणी कळविले आहे, अर्ज हाती घेतला आहे, पुन्हा फेरी घालण्याची आवश्यकता नाही. इतर दिवशी, जेव्हा केवळ नावाचा पत्ता लागत नव्हता, तेव्हा ते वाक्य उच्चारण्याची पाळीच येणार नाही. दोन ओळींची मांडणी, एक जुना संगणक, एक वही आणि मे महिन्यातील एक संध्याकाळ, एवढाच या व्यवस्थेचा खर्च आहे. वाडीवरून आलेल्या माणसाची रिकामी फेरी वाचविण्यासाठी तो अधिक नाही.